कॅम एकटा येत नाही

वऱ्हाडात ज्याने शंकरपट पाहिला आहे त्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. नुसता चपळ बैल विकत आणून पट जिंकता येत नाही. त्याच्या तोलाचा दुसरा बैल लागतो, जू लागते, चाके आणि आस मजबूत लागते आणि धुरकरीही तितकाच तयारीचा लागतो. यातले एक जरी उणे पडले तर छकडी भर पटात कलंडते. बैलांच्या बाबतीतले हे शहाणपण आपल्या घरोघरी आहे. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र ते कुठे जाते कोण जाणे!

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. तेव्हा गावात एखाद-दुसरी बुलेट असे आणि ती कोणाची हे तिच्या आवाजावरून घरात बसूनही ओळखता येई. आज एमएच-३७ची पाटी लावलेल्या दुचाक्यांनी बाजाराच्या दिवशी चालायला वाट उरत नाही. कारंजा, शेलूबाजारच्या अंगाने समृद्धी महामार्ग गेला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. दुचाकीला तिथे प्रवेश नाही, पण वेगाचे वारे काही अडवता येत नाही. मग कोणी तरी पोराच्या कानात सांगतो, "रेसिंगचा कॅम टाक, गाडी उडते बघ!" पोरगा घरी येऊन पैसे मागतो. 'एकच तर पार्ट बदलायचा आहे' असे त्याचे म्हणणे असते.

खरोखर एकच पार्ट बदलून भागते का? प्रश्न मिस्त्रीचा वाटतो, पण पैसे घरातले जातात आणि गाडीवर बसतो तो घरातलाच मुलगा. म्हणून तो घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

इंजिनाचे वेळापत्रक

इंजिन श्वास घेते आणि सोडते. पेट्रोल मिसळलेली हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि जळका धूर बाहेर सोडणारा दुसरा. हे केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे कॅम ठरवतो. कॅम म्हणजे अंड्याच्या आकाराची लोखंडी चकती. तिचा उंचवटा फिरत आला की व्हॉल्व्ह ढकलला जातो आणि उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग त्याला परत जागेवर ओढते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला तीन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर हे कितीदा घडून जाते!

हे काम साधे दिसले तरी ते करणारा तुकडा साधा नसतो. आपल्याच सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ पासून उभी आहे आणि तिचे कॅमशाफ्ट परदेशी मोटार कंपन्यांकडेही जातात. तिथे ओतकामाच्या साच्यात कॅमच्या उंचवट्याजवळ धातूचे तुकडे बसवतात. वितळलेले लोखंड त्यांना लागताच तेवढ्या भागात झटकन थंड होते आणि काचेसारखे कठीण बनते. आतला गाभा मात्र मऊ राहतो. इतकी काळजी घ्यावी लागते, कारण सारा भार त्या चिमूटभर उंचवट्यावर येतो.

रेसिंगच्या कॅममध्ये हा उंचवटा जास्त उंच आणि जास्त रुंद असतो. व्हॉल्व्ह अधिक उघडतो आणि अधिक वेळ उघडा राहतो. जास्त फेऱ्यांवर इंजिनाला भरपूर हवा मिळते आणि ताकद वाढते. इथपर्यंत सांगणारा खोटे सांगत नाही. पण वेळापत्रक बदलले म्हणून गाडी वेळेवर पोचते असे नाही. त्या वेळापत्रकाप्रमाणे बाकीच्यांनीही धावायला हवे.

सगळा भार स्प्रिंगवर

पहिला नंबर स्प्रिंगचा. व्हॉल्व्ह उघडतो कॅम, पण मिटवते स्प्रिंग. इंजिनाचे फेरे पाच हजारांवरून सहा हजारांवर नेले तर फेरे वीस टक्क्यांनी वाढतात, पण व्हॉल्व्ह आवरायला लागणारा जोर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत चढतो. जुनी, दमलेली स्प्रिंग तिथे हार खाते. व्हॉल्व्ह कॅमच्या मागे वेळेवर परतत नाही, अधांतरी राहतो. खालून पिस्टन वर येतच असतो. दोघांची गाठ पडली की व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनला भोक पडते आणि धावते इंजिन क्षणात ठप्प होऊ शकते.

स्प्रिंग हीच खरी मर्यादा आहे हे जगातल्या मोठमोठ्या अभियंत्यांनी केव्हाच ओळखले होते. डुकाटीच्या फाबियो ताल्योनी यांनी १९५६ मध्ये शर्यतीच्या मोटारसायकलवर व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच लावला. रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात लोखंडी स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा वापरली. त्यांनी वेग वाढवताना आधी व्हॉल्व्ह मिटवणाऱ्याचा विचार केला. आपल्या गॅरेजात मात्र कॅम नवा आणि स्प्रिंग पंधरा वर्षांची!

दुसरी तपासणी जागेची. व्हॉल्व्ह जास्त खाली जाणार म्हणजे स्प्रिंग जास्त दाबली जाणार. तिचे वेढे एकमेकांना टेकले तर ती स्प्रिंग न राहता लोखंडाचा ठोकळा होते आणि पुशरॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो. वरची कॉलर खालच्या गाइडला लागत नाही ना आणि व्हॉल्व्ह पिस्टनला शिवत नाही ना, हेही पाहावे लागते. जाणते मिस्त्री पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवतात, मग हेड उघडून मातीला पडलेला ठसा मोजतात. या तपासणीला पार्टचा खर्च नाही, वेळ मात्र लागतो. तुमच्या मिस्त्रीने ती केली नसेल तर कॅम बसवला असे म्हणू नका, चिठ्ठी टाकून पाहिली असे म्हणा.

तिसरे टॅपेट. कॅमवर घासत चालणारा टॅपेट त्याच कॅमबरोबर झिजून त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. नव्या कॅमवर जुना टॅपेट म्हणजे नव्या जोड्यात दुसऱ्याच्या पायाचा ठसा. तो कॅम खाऊन टाकतो. म्हणून नव्या कॅमला टॅपेट नवेच हवेत आणि सुरुवातीच्या काही तासांत तेल व फेरे यांची काळजी घ्यायला हवी.

यापुढची साखळी हवेची आहे. जास्त हवा येणार तर तितके पेट्रोल हवे, म्हणून कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतात. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-सहाच्या गाड्यांवर इंजेक्शन आणि धूर तपासणारा सेन्सर असतो. नव्या कॅममुळे न जळलेली हवा धुराड्यात आली की तो सेन्सर फसतो आणि इंजिनाचा संगणक चुकीचा हिशेब करतो. शिवाय आत येणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटला की कमी फेऱ्यांवर घेतलेली हवा उलटी निसटते आणि दाब कमी पडतो. तो भरून काढायला उंच पिस्टन, त्याला पेट्रोलचा वेगळा दर्जा, वाढलेल्या जोराला क्लचप्लेट आणि वाढलेल्या वेगाला ब्रेक. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडला खाली बुश असे. तिला नेहमी जास्त फेऱ्यांवर पळवणे म्हणजे त्या बुशचीच परीक्षा घेणे.

मग करायचे काय?

उत्तर सरळ आहे. कॅम सौम्य असेल, उंची मूळच्या जवळपास असेल आणि फेऱ्यांची मर्यादा वाढवायची नसेल, तर बहुधा नवे टॅपेट, स्प्रिंगची तपासणी, जागेची मोजणी आणि पेट्रोल-हवेचे जुळवणे एवढ्यावर भागते. उंची किंवा फेरे वाढणार असतील तर स्प्रिंग, कॉलर, पुशरॉड आणि रॉकर त्या कॅमला शोभतील असेच घ्यावेत. ते कॅम बनवणाऱ्यानेच सांगितलेले हवेत, दुकानदाराने हाताला लागले म्हणून दिलेले नव्हेत. शर्यतीचा कॅम असेल तर अख्खे इंजिनच नव्याने बांधायचे आहे असे समजावे. पैसे मागणाऱ्या मुलाला एवढेच विचारा, "फक्त कॅमचा भाव सांगतोस की सगळ्या यादीचा?"

आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हे हवे कशाला? आजच्या ३५० सीसी बुलेटची ओढ ४००० फेऱ्यांना सर्वांत जास्त असते आणि रोजचे चालणे त्याहूनही खाली असते. मालेगाव-रिसोडच्या वाटेवर मागे सोयाबीनचे पोते किंवा आजी बसलेली असते, समोर चढ असतो, खड्डा असतो, मध्येच म्हशी आडव्या येतात. तिथे कामाला येते ती खालची ओढ. रेसिंगचा कॅम नेमकी तीच कमी करतो आणि जी ताकद वाढवतो ती वापरायला आपल्या रस्त्यावर जागाच नसते. होंडाने १९८९ मध्ये मोटारीसाठी व्हीटेक इंजिन काढले आणि त्यात खालच्या व वरच्या फेऱ्यांसाठी कॅमचे वेगवेगळे उंचवटे ठेवले. एकच कॅम दोन्हीकडे सारखा चालत नाही याची ती कबुलीच होती.

कायदाही विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना बंधन घातले आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीने इंजिन उघडून पाहिले तर काय, हाही प्रश्न आहेच. ज्याला वेगाचे खरे वेड आहे त्याच्यासाठी शर्यतीचे मैदान आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे. तिथे हेल्मेट असते, डॉक्टर असतो आणि समोरून म्हैस येत नाही.

पोराची हौस मारू नये. हौसेतूनच मिस्त्री आणि अभियंते घडतात. त्याला म्हणावे, जुने इंजिन एकदा स्वतः उघड, व्हॉल्व्ह घासून बसव, टॅपेट जुळव, कार्बोरेटर साफ कर. पुष्कळदा हरवलेली ताकद तिथेच सापडते आणि मग कॅमची गरजच उरत नाही. तरीही गरज उरलीच, तर यादी पूर्ण करून, मोजमाप करून आणि मैदानासाठीच तो बसवावा. एकट्या बैलाच्या जिवावर पट जिंकल्याचे वऱ्हाडात कोणी ऐकलेले नाही.