बालकांची सर्दी : शेंबडाचा रंग आणि श्वासाची गती

सर्दी म्हणजे नाक व घसा यांच्या आतील अस्तराला विषाणूंमुळे येणारी सूज होय. तिला कारणीभूत ठरणाऱ्या 200हून अधिक विषाणूंपैकी ऱ्हायनोव्हायरस या एकाच गटाचे 100हून जास्त प्रकार असल्याने, लहान मुलाला वर्षातून 6 ते 8 वेळा सर्दी होणे हे प्रतिकारशक्ती खालावल्याचे लक्षण ठरत नाही. प्रारंभी पाण्यासारखा वाहणारा शेंबूड दोन-तीन दिवसांत घट्ट, पिवळा वा हिरवा होतो. हा रंग संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतील द्रव्यांमुळे येतो, म्हणून केवळ त्यावरून प्रतिजैविक, म्हणजे जिवाणूनाशक औषध, मागणे निरर्थक असते, आणि तरीही ते सर्रास मागितले जाते. आजार बहुधा 7 ते 10 दिवसांत ओसरतो, खोकला मात्र रेंगाळतो. रंगापेक्षा श्वास मोजणे अधिक उपयुक्त असून, शांत असलेल्या बालकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजल्यावर ते 2 महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, तर पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, न्यूमोनियाची शंका धरून तातडीने डॉक्टरांकडे जावे. खोकल्यासाठी म्हणून मधाचे चाटण मात्र वर्षाखालील बाळाला देऊ नये.