दाराशी चार फुलझाडे



कपाशी, केळी, कांदा यांच्या भावाची चर्चा आपण नेहमीच करतो. आज अशा लागवडीविषयी सांगायचे आहे, जिचा भाव बाजार समितीत विचारावा लागत नाही. ती म्हणजे दारासमोरची फुलझाडे.

"साहेब, शेताला पाणी पुरेना, फुलझाडांना कुठून आणू?" असे आपण म्हणाल. प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. साक्री-शिंदखेड्याकडे विहिरी तळ गाठतात. म्हणून सुरुवात झाडापासून नको, मोरीपासून करू.

घरात रोज तांदूळ, डाळ, भाजी धुतली जाते. माठ धुतला जातो. हे पाणी एका बादलीत साठवा. चार-सहा झाडे त्यावर सहज जगतात. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र घालू नये. आपल्या काळ्या जमिनीत सोडा साठला की माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. मग पाणी मुरतच नाही.

उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तापू द्यावा. दोन घमेली माती, एक घमेले कुजलेले शेणखत आणि एक घमेले वाळू या प्रमाणात तो भरावा. वाळूचा कंटाळा करू नका. नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते व मुळे कुजतात. चांगला पाऊस झाला की रोप लावावे आणि उन्हाळा लागताच बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन द्यावे. त्याने ओल टिकते.

आता झाड कोणते? एकच लावायचे असेल, तर मोगरा लावा असे माझे स्पष्ट मत आहे. रोप विकत घेण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी मोगरा असेल, त्यांना पावसाळ्यात एक फांदी वाकवून तिच्यावर माती टाकून ठेवायला सांगा. काही आठवड्यांत तिला मुळ्या फुटतात, मग ती कापून आणावी. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. म्हणून डिसेंबरात पाणी तोडावे आणि जानेवारीत झाड फूट-दीड फुटावर छाटावे. पुष्कळांचा इथेच हात धजत नाही. छाटा, काही होत नाही. नंतर दोन घमेली शेणखत घालून पाणी सुरू केले की मार्चपासून कळ्या धरतात. दिवसभर लू सोसून माणूस घरी येतो, ओट्यावर टेकतो, आणि तिन्हीसांजेला कळ्या उमलू लागतात. तो वास ज्याने घेतला आहे, त्याला पुढे सांगायला नको.

कण्हेर कमी पाण्यात तग धरते, म्हणून बरेच जण ती लावतात. पण लाल-पांढरी असो की पिवळी, तिचे सर्व भाग विषारी आहेत. गोठ्याजवळ, गुरांचे तोंड पोचेल अशा जागी ती कधीही लावू नये. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नयेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी मुले खेळतात. त्यांना आजच रोखा. लहान मुले असलेल्या घरी त्यापेक्षा जास्वंद बरी.

जास्वंदीवर कपाशीवरचा पिठ्या ढेकूण येतो. पांढरा कापसासारखा थर दिसला की ती फांदी कापून जाळावी आणि झाडावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. कपाशीचे उरलेले औषध फुलझाडांवर मुळीच मारू नका. ही फुले देवाला जातात, घरातल्या बायका-मुलींच्या केसांत जातात, आणि लहान पोर ती तोंडातही घालते.

झेंडूचे तर बी घरीच असते. दसऱ्याच्या तोरणातली चांगली वाळलेली फुले डबीत ठेवा आणि जूनअखेर वाफ्यात टाका. महिन्याभराची रोपे हात-हात अंतरावर लावून, ती जोमदार झाली की शेंडे खुडावेत. शेंडा खुडल्यावर बगलफुटी येतात आणि एका फुलाच्या जागी पाच-सात फुले मिळतात. सुरुवातीची फुले घरातल्या मुलींना गुलाबाईसाठी तोडू द्यावीत. झाडाची त्यांना आपोआप काळजी लागते आणि पाणी घालण्याची आठवण करावी लागत नाही.

घरात म्हातारी माणसे असतील, तर त्यांच्या बाजेजवळ गुलबक्षी लावा. तिला छाटणी नको, खत नको. एकदा बी पडले की दर पावसाळ्यात आपणच उगवते. दुपार कलली, साधारण चार-पाच वाजले की फुले उघडतात. घड्याळ न बघता चहाचे आधण ठेवायला तेवढी खूण पुरते.