ई-सायकल बंद पडली तर?
पावसात भिजलेली ई-सायकल सुरू होत नसेल, तर लगेच घाबरून जाऊ नका. आधी स्विच बंद करून बॅटरी काढा. वायरींचे जोड सोडवून ओल पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच घट्ट बसवा. दिवा लागतो, पण मोटर फिरत नाही? ब्रेकचा लिव्हर अडकला आहे का, ते पाहा. बहुतेक ई-सायकलींमध्ये ब्रेक दाबताच मोटरची वीज तुटते. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरवर सुमारे ४२ व्होल्ट दिसतात. फ्यूज उडाल्यास तितक्याच अँपिअरचा नवा बसवा, तार गुंडाळू नका. बॅटरी फुगली असेल किंवा वास येत असेल, तर ती चार्ज करू नका, उघडूही नका. ते काम जाणकाराचेच!