ढाक्याचा पियाजू, पिंपळगावचा लिलाव

रमजानात ढाक्याच्या इफ्तारीला पियाजू हवाच. भिजवलेली मसूर डाळ जाडसर वाटायची, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा घालून तळायची. आपल्या भजीचाच हा चुलतभाऊ. बंगाली नववर्षाला पांता भातासोबत कच्चा कांदा, भोरत्यात (तिकडच्या भरतात) कच्चा कांदा, बकरी ईदच्या रश्श्यात तर विचारूच नका. तिकडे कांदा पाठवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या व्यापाऱ्याला हे सणवार पाठ असावेच लागतात. त्यावर त्याचा भाव ठरतो. दिल्लीच्या फायलींत मात्र कांदा ही फक्त महागाईची बाब राहिली.

29 सप्टेंबर 2019 रोजी भारताची कांदा निर्यातबंदी आली. पाचव्याच दिवशी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांसमोर उभ्या होत्या. मध्येच हिंदीत बोलत त्यांनी सांगितलं, की आपण स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितलंय. पुढच्या वेळी आधी कळवा. सभागृह हसलं. नोव्हेंबरात बांगलादेशात किलोला 200 टाकांच्या वर भाव गेला आणि कांदा विमानाने आणावा लागला, तेव्हा तिथे कुणी हसत नव्हतं.

वर्षभरात पुन्हा तेच. 14 सप्टेंबर 2020 रोजी न कळवता बंदी. दुर्गापूजेसाठी ढाक्याने खास सवलत देऊन सोडलेल्या इलिश माशांची पहिली खेप त्याच दिवशी बंगालच्या सीमेवर पोचली होती! इकडून जाणारे कांद्याचे ट्रक तिथेच अडकले, माल सडला. बंदीआधी कळवू, या दिलेल्या शब्दाची आठवण करून देणारं पत्र ढाक्याने पाठवलं.

दुसऱ्या देशाचा माणूस समजून घ्यायचा, तर त्याचा अभ्यास करावा लागतो. अमेरिकेने 1944 मध्ये जपानी माणूस समजून घ्यायला रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कामाला लावलं होतं. युद्धामुळे त्यांना जपानला जाता आलं नाही. अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून आणि पुस्तकं-चित्रपट पाहून त्यांनी अभ्यास केला. आपल्याला तर एवढी यातायातही नको. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण 1945 पासून आहे, मुख्यालय कोलकात्यात. पलीकडचं स्वयंपाकघर कोलकात्याच्याच बंगाली भाषेत बोलतं.

2023 मध्ये चटका घरातच बसला. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. 8 डिसेंबरला पूर्ण बंदी. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. मार्च 2024 मध्ये रमजानच्या तोंडावर बांगलादेशासाठी 50,000 टनांची सूट जाहीर झाली खरी. म्हणजे कुणीतरी कॅलेंडर पाहिलं होतं. पण 1,650 टनांची पहिली खेप रेल्वेने सीमेपलीकडच्या दर्शना स्थानकात पोचली ती मार्चच्या अखेरीस. तोवर अर्ध्याहून अधिक रोजे उलटले होते. वर एप्रिलमध्ये गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली, त्याने निफाड-चांदवडात भडका उडाला.

बंदी 4 मे रोजी उठली, शुल्क राहिलं. 15 मे रोजी पिंपळगावात पंतप्रधानांच्या सभेत गर्दीतून कांद्याची घोषणा आली. लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार भास्कर भगरे यांच्याकडून हरल्या.

उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 रोजी गेलं. ढाक्याने तोपर्यंत आपला रस्ता शोधला होता: पाबना, फरीदपूरच्या शेतकऱ्याचा भाव पडू नये म्हणून आयातीचे परवानेच आखडते घेतले गेले. इकडचं दार उघडलं, तेव्हा तिकडच्या बाजारात त्यांचा स्वतःचा नवा कांदा आलेला होता.