लॅपटॉप नीट चालू आहे तोवरच रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून ठेवा, नंतर उशीर होतो

१९ जुलै २०२४ चा दिवस आठवतोय? हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो त्या दिवशी सगळीकडे फिरत होते. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून अडकले होते.

यातले बरेचसे कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करता येईनात. आयटीवाल्यांना एकेका मशीनपाशी जावं लागलं. मायक्रोसॉफ्टने मग त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारं एक टूल काढलं.

ते कॉम्प्युटर मुख्यतः कंपन्यांचे होते. आपल्या घरातल्या लॅपटॉपची विंडोज बिघडली, तर आयटीवाले आपणच. म्हणून हा पेनड्राइव्ह कसा बनवायचा, ते बघूया.

बूटेबल म्हणजे नेमकं काय?

बटण दाबलं की लॅपटॉप आधी ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे ते शोधतो. ती असते आतल्या एसएसडीवर. तिथली विंडोज बिघडली, तर लॅपटॉपला पेनड्राइव्हवरून सुरू करता येतं. पण त्यासाठी पेनड्राइव्ह खास पद्धतीने तयार केलेला लागतो, नुसत्या फाइल्स कॉपी करून भागत नाही.

पूर्वी लॅपटॉपसोबत रिकव्हरीची डीव्हीडी मिळायची. आताच्या पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. कंपन्या रिकव्हरीची सोय एसएसडीच्याच एका कोपऱ्यात करून ठेवतात. म्हणजे घराची डुप्लिकेट चावी घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. एसएसडीवरचा तो भागच बिघडला तर ती सोयही गेली.

आधी रिकव्हरी की शोधा

ही पायरी बहुतेक जण विसरतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डेटा आपोआप एनक्रिप्ट होतो. दुरुस्तीच्या वेळी लॅपटॉप ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल, तर पेनड्राइव्ह हातात असूनही फाइल्स कुलूपबंदच राहतात.

फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, डिव्हाइसच्या यादीत आपला लॅपटॉप निवडा आणि की कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल, तर तिथल्या आयटी विभागाला विचारा.

आता पेनड्राइव्ह बनवू

किमान १६ जीबीचा, शक्यतो ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल, तर टाइप-सी पेनड्राइव्ह किंवा अडॅप्टर लागेल.

१. चार्जर लावा. सर्चमध्ये इंग्रजीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ टाइप करून ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ उघडा.

२. ‘बॅक अप सिस्टिम फाइल्स’ या पर्यायावरची टिक तशीच ठेवा. ती काढलीत, तर फक्त दुरुस्तीची साधनं मिळतात, विंडोज नव्याने टाकता येत नाही.

३. पेनड्राइव्ह निवडून ‘क्रिएट’ दाबा. याला तासभर किंवा जास्तही वेळ लागतो. मध्येच पेनड्राइव्ह काढू नका.

४. झाल्यावर एकदा तपासा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा. कीबोर्ड निवडायची स्क्रीन आली म्हणजे काम झालं. पुढे काही न करता लॅपटॉप बंद करा आणि पेनड्राइव्ह काढा.

विंडोज सुरूच होत नसेल, तर लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची असते. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेल्सवर ती एफ १२, एचपीवर एफ ९ आणि असूसवर एस्केप असते.

हा पेनड्राइव्ह काय वाचवत नाही?

तुमच्या फाइल्स. ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ निवडलं, की विंडोज नव्याने बसते आणि तुमचे फोटो, प्रोजेक्ट, टाकलेली ॲप्स सगळं जातं. त्यामुळे तो पर्याय अगदी शेवटी. त्याआधी ‘ट्रबलशूट’मध्ये जाऊन ‘स्टार्टअप रिपेअर’, ‘सिस्टिम रिस्टोअर’ आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ वापरून बघा. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. आणि फाइल्सचा बॅकअप क्लाउडवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच.

लॅपटॉप आधीच बंद पडला असेल तर?

मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ मोफत डाउनलोड करा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार होतो. मित्राच्या लॅपटॉपवरचा रिकव्हरी ड्राइव्ह मात्र उसना आणू नका. तो त्याच्या मॉडेलसाठी बनलेला असतो.

विंडोज सतत अपडेट होत असते, म्हणून हा पेनड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने बनवावा, असं मायक्रोसॉफ्टही सांगते. तारीख लक्षात राहत नसेल, तर दसरा आहेच. लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतोच, त्याच दिवशी हेही उरकून टाका.