साउंडबार महागडा, पण आवाज साधाच? आधी वायर बघा

फोर-के टीव्ही घेतला, साउंडबारवर डॉल्बी ॲटमॉसचा शिक्काही आहे, तरी सिनेमा पाहताना काहीच वेगळं वाटत नाही? अशा वेळी दोष बऱ्याचदा जोडणीत असतो.

साउंडबार ऑप्टिकल वायरने जोडला असेल, तर तिच्यातून साधा स्टिरिओ किंवा दाबून लहान केलेला 5.1 आवाज जातो. ॲटमॉस जात नाही. त्यासाठी टीव्हीमागच्या ज्या एचडीएमआय पोर्टजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय, तोच वापरावा लागतो. बाकीचे पोर्ट दिसायला अगदी तसेच, पण ते आवाज आत घेतात, बाहेर सोडत नाहीत. ओटीटीवरचा ॲटमॉस साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो. ब्लू-रेवरचा, काहीही न गाळलेला ॲटमॉस टीव्हीमार्गे न्यायचा तर ईएआरसीच हवं, तेही दोन्ही टोकांना.

वायर बदलली की झालं, असं नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर बहुधा स्टिरिओच ऐकू येईल. ते 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करा.

चित्राचं म्हणाल, तर सेट-टॉप बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर असेल तर एचडी पॅकचे पैसे दरमहा वाया जातायत. पिवळी वायर एचडी चित्र नेऊच शकत नाही. मात्र म्हणून हजारो रुपयांच्या सोनेरी एचडीएमआय केबलच्या नादी लागू नका. सिग्नल डिजिटल असतो. 18 जीबीपीएसची साधी, प्रमाणित केबल फोर-के सिनेमाला पुरते.