धीराचा पैसा

क्षयरोगाची जनुकीय तपासणी गावापर्यंत नेणाऱ्या ‘ट्रूनॅट’ यंत्राची कल्पना बंगळूरच्या प्रयोगशाळेत आकाराला आली, तिला गोव्याच्या उद्योगाची साथ मिळाली आणि सरकारी खरेदीने ती तगली. या वीस वर्षांत कोणाचा पैसा कधी आला, त्याची ही गोष्ट.

सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि खोकून छातीतला बेडका डबीत टाकायचा. नुसती थुंकी चालत नाही. खोकल्याने बेजार झालेला माणूस आरोग्य केंद्रात गेला की प्लॅस्टिकची डबी हाती देताना त्याला हे समजावून सांगावं लागतं. ती डबी पुढे कुठे जाते आणि उत्तर किती दिवसांनी येतं, यावर त्याचं आणि त्याच्या घरातल्यांचं बरंच काही अवलंबून असतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणजे हा डब्यांचा हिशेब लाखांत जातो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं निदानाची मदार सूक्ष्मदर्शकावरच राहिली. तपासणी स्वस्त, पण नजर अधू. एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असतील, तेव्हा कुठे काचपट्टीवर एखादा दिसणार. शिवाय दिसलेला जंतू औषधाला दाद देणारा आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावे लागत आणि त्यात कित्येक आठवडे जात. तोवर रुग्ण चुकीची औषधं घेत राही आणि भोवतालच्यांना जंतू वाटत राही. याचा परिणाम मुंबईने पाहिला. डॉ. झरीर उदवाडिया आणि हिंदुजा रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस, तपासलेल्या कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली.

डबी यंत्राकडे, की यंत्र डबीकडे?

डिसेंबर २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘जीनएक्सपर्ट’ या अमेरिकी यंत्राला मान्यता दिली. जंतूची जनुकं शोधून ते दोन तासांत क्षय सांगतं आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का, तेही सांगतं. मोठीच झेप होती ती. पण या यंत्राला अखंड वीज लागते आणि उन्हाळ्यात थंड खोली लागते. त्यामुळे ते बहुतेक मोठ्या रुग्णालयांत बसलं आणि डबीचा प्रवास सुरूच राहिला.

बंगळूरच्या ‘बिगटेक लॅब्स’ने उलटा विचार केला. डॉ. चंद्रशेखर नायर यांच्या या चमूचं काम २००० साली सुरू झालं. जनुकांच्या प्रती वाढवून जंतू ओळखण्याची पीसीआरची पद्धत प्रयोगशाळेतून उचलून नखाएवढ्या चिपवर आणायची, असा त्यांचा बेत होता. आजचं ट्रूनॅट असं चालतं: बेडका द्रावणाने पातळ करायचा, एका छोट्या यंत्रातून त्यातला डीएनए वेगळा काढायचा आणि त्याचा थेंब चिपवर सोडून ती चिप दुसऱ्या यंत्रात सरकवायची. तासाभरात निकाल. जंतू सापडला तर त्याच डीएनएचा आणखी एक थेंब दुसऱ्या चिपवर टाकून रिफॅम्पिसिनचं उत्तर मिळवायचं. यंत्र बॅटरीवर चालतं, चाळीस अंशांपर्यंतचा उन्हाळा सोसतं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मावतं.

वेड आणि लग्न

हे वाचायला सोपं वाटतं, पण त्यात वीस वर्षं गेली. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी वैद्यकीय उपकरणांची गत असते. पुराव्याशिवाय डॉक्टर यंत्र वापरत नाहीत, सरकार घेत नाही. पुरावा गोळा करायला हजारो नमुने, अनेक केंद्रं आणि बरीच वर्षं लागतात. आणि विक्री नाही, म्हणून त्यासाठी पैसा नाही. तीन-चार वर्षांत दामदुप्पट मागणारा गुंतवणूकदार इथे फिरकत नाही.

हे कोडं सोडवायला एकाच थैलीतला पैसा पुरला नाही. सुरुवातीच्या संशोधनाला केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) ‘निमिटली’ योजनेने हात दिला. कल्पना फसण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, नेमका तेव्हा हा सार्वजनिक पैसा आला. पुढे चाचणी संच बनवणाऱ्या गोव्याच्या ट्यूलिप उद्योगसमूहाबरोबर भागीदारी होऊन ‘मोलबायो’ ही कंपनी उभी राहिली. कारखाना निघाला गोव्यातल्या वेर्ण्याला. ट्यूलिपला हा धंदा ठाऊक होता. कोणता संच कोणत्या प्रयोगशाळेत खपतो आणि कुठे अडतो, हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं, म्हणून त्यांना थांबता आलं. २०१३मध्ये हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून ट्रूनॅटच्या अचूकतेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पडताळणी झाली. त्यानंतर जिनिव्हाच्या ‘फाइंड’ या ना-नफा संस्थेने भारत, इथिओपिया, पेरू आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत यंत्र पारखलं. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर उमटली आणि इतर देशांच्या सरकारी खरेदीची दारं उघडली.

त्याच वर्षी करोना आला. एप्रिलमध्ये आयसीएमआरने करोनाच्या तपासणीसाठी ट्रूनॅटला परवानगी दिली आणि क्षयासाठी बसवलेली यंत्रं रातोरात त्या कामाला जुंपली गेली. नाव झालं, मागणी वाढली. क्षयाचं मात्र नुकसान झालं. देशात नोंदले जाणारे क्षयरुग्ण २०१९च्या सुमारे २४ लाखांवरून २०२०मध्ये १८ लाखांवर घसरले. रोग कमी झाला नव्हता. डब्याच केंद्रापर्यंत पोहोचत नव्हत्या.

सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने मोलबायोत साडेआठ कोटी डॉलर घातले आणि कंपनीचं मोल शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेलं, ते २०२२मध्ये. बातमी या पैशाची झाली. धोका मात्र तोवर इतरांनी पत्करून झाला होता.

दिलेल्या पैशाची अट

सार्वजनिक पैसा लावला की काम फत्ते, असंही नाही. जीनएक्सपर्टच्या मागे अमेरिकी सरकारचा आणि धर्मादाय संस्थांचा मोठा पैसा होता. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सार्वजनिक गुंतवणुकीचा आकडा पंचवीस कोटी डॉलरच्या वर काढला. तरी एका चाचणीला लागणारं काडतूस गरीब देशांनाही सुरुवातीला जवळपास १७ डॉलरना पडायचं. २०१२मध्ये देणगीदारांनी पुन्हा पैसे ओतल्यावर किंमत ९.९८ डॉलर झाली आणि तिथेच अडून बसली. ‘पाच डॉलरला द्या’ म्हणून मोहीम चालली, तेव्हा कुठे २०२३मध्ये ती आठ डॉलरच्या आत आली. संशोधनाला पैसे देतानाच किमतीची अट घातली नाही, तर तोच समाज एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजतो.

आज नव्या कल्पनेला पहिली पायरी मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. केंद्राच्या ‘बायरॅक’ संस्थेकडून नवउद्योजकाला पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर अशा तरुणांना हाताशी धरतं. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘बेटिक’ केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एका टेबलाशी बसून उपकरणं घडवतात आणि त्याला राज्य सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाने पैसा दिला आहे. पन्नास लाखांत नमुना उभा राहतो. पण चार रुग्णालयांतली चाचणी, परवाना आणि पहिली खरेदी यांचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. अनेक गुणी उपकरणं याच मधल्या पट्ट्यात अडकतात. तिथे पहिलं गिऱ्हाईक व्हायला सरकारइतकं लायक दुसरं कोणी नाही, कारण यंत्र चाललं तर सर्वांत मोठा फायदा सरकारी रुग्णालयांचाच आहे.

आणि पहिल्या खरेदीवर हे गिऱ्हाइकपण संपत नाही. यंत्र एकदाच घेतलं जातं, फीत कापली जाते, फोटो निघतो. चिप मात्र दर रुग्णामागे नवी लागते. तिची मागणी वेळेवर गेली नाही, बिल थकलं, साठा संपला, की वीस वर्षांच्या धीराने घडवलेलं ते यंत्र टेबलाच्या कोपऱ्यावर मुकं बसतं आणि बेडक्याची डबी पुन्हा जिल्ह्याच्या गाडीची वाट पाहू लागते.